खूण नसलेला एसएमडी पार्ट कसा ओळखावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा नवी मुंबईत रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या मशीनचं कंट्रोल कार्ड भिंगाखाली धरा. त्यावरच्या बहुतेक बारीक एसएमडी पार्टवर (भोकातून पाय न घालता बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) काहीही छापलेलं दिसत नाही. सर्किट डायग्राम मशीनसोबत आलेला नसतो, किंवा आलेला कधीच गहाळ झालेला असतो. अशा कार्डावर पार्ट जळाला की पहिला हात जातो तो हॉट एअर गनकडे: पार्ट काढायचा आणि मीटरला लावून बघायचा. तो मोह आवरा. पार्ट जागेवर असेपर्यंत त्याच्या दोन्ही टोकांना काय जोडलंय ते दिसतं, आणि ओळख पटवणारी बरीच माहिती तिथेच असते. काढल्यावर हाती उरतो एक-दीड मिलिमीटरचा कोरा तुकडा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग रूप, मग बोर्डवरच मीटर, आणि पार्ट काढणं सगळ्यात शेवटी.

छपाई नसण्यामागे लपवाछपवी क्वचितच असते. सिरॅमिक कपॅसिटर हजार अंशांच्या वर भाजून तयार होतात आणि इतक्या स्वस्त पार्टवर नंतर छापणं परवडत नाही, म्हणून ते जवळपास नेहमी कोरेच येतात. ०६०३ (हे आकाराचे कोड आहेत, मापं पायरी ३ मध्ये) आणि त्याहून मोठ्या रेझिस्टरवर आकडे असतात, ०४०२ पासून खाली जागाच नसते. आयसीवरचं नाव मात्र काही वेळा मुद्दाम घासलेलं असतं. त्याचं वेगळं पुढे बघू.

काय हाताशी हवं

दहा ते वीस पट दाखवणारं भिंग किंवा यूएसबी मायक्रोस्कोप, सुईसारख्या टोकांचे प्रोब असलेला मल्टिमीटर, एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर मोजणारा), करंट लिमिट लावता येणारा बेंच सप्लाय, व्हर्निअर, बारीक चिमटा, फ्लक्स, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश. एलसीआर मीटर घेताना तो १२० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ या तिन्हींवर मोजणारा घ्या. एकाच फ्रिक्वेन्सीचा मीटर निम्म्या कामांत चुकीचं सांगेल, कुठे कोणती लागते ते कपॅसिटरच्या भागात येईल.

पायरी १: वीज काढा, फोटो घ्या, बोर्ड साफ करा

२३० व्होल्टवरच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दोन-तीन सेकंद लावून तो रिकामा करा, आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात लावू नका. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडा. त्याने पॅड उडतात आणि डोळ्यांनाही धोका असतो.

मग दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. एक सरळ प्रकाशात, एक तिरप्या प्रकाशात. पुसट झालेली लेझरची खूण तिरप्या प्रकाशातच वाचता येते.

आपल्याकडे कारखान्यांतल्या कार्डांवर ओल आणि केमिकलच्या वाफांसाठी बरेचदा पारदर्शक कोटिंग असतं. त्याच्याखाली आकडे झाकले जातात आणि प्रोबही नीट टेकत नाही. ॲक्रिलिक कोटिंग आयपीएने मऊ होऊन निघतं. सिलिकॉनचं रबरासारखं असतं, ते लाकडी काडीने खरवडावं लागतं. जून ते सप्टेंबरमध्ये आणखी एक काम वाढतं: धुतलेला बोर्ड ६० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. ओलसर फ्लक्सच्या थरातून करंट गळतो आणि मेगाओहमचा रेझिस्टर मीटरवर काही लाख ओहमचाच दिसतो.

पायरी २: जागा वाचा

पार्टशेजारी पांढऱ्या शाईत छापलेलं अक्षर बघा. आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, एल कॉइल, एफबी फेराइट बीड (हाय फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा), डी डायोड, झेडडी झेनर, क्यू ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट, यू किंवा आयसी म्हणजे आयसी, एफ फ्यूज, आरव्ही व्हॅरिस्टर (वाढलेला व्होल्टेज शोषणारा), आरटी किंवा टीएच थर्मिस्टर (तापमानाने बदलणारा रेझिस्टर), वाय किंवा एक्स क्रिस्टल. यावर आंधळा विश्वास नको. एल लिहिलेल्या जागी शून्य ओहमचा जंपर आणि आर लिहिलेल्या जागी बीड बसवलेला सर्रास सापडतो.

आता कंटिन्युटीच्या बीपवर त्या पार्टची दोन्ही टोकं कुठे जातात ते शोधा आणि कागदावर काढा. हा कागद खऱ्या अर्थाने कामाला येतो. एक टोक सप्लायला, दुसरं ग्राउंडला आणि शेजारी आयसी असेल, तर तो आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणारा डिकपलिंग कपॅसिटर, बहुधा १०० नॅनोफॅरड. क्रिस्टलच्या दोन पायांपासून ग्राउंडला जाणारे दोन सारखे पार्ट म्हणजे १२ ते २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर. मेमरी आयसीच्या दोन लाइन सप्लायला बांधणारी जोडी म्हणजे २.२ ते १० किलोओहमचे पुल-अप, बहुतेक वेळा ४.७. आरएस-४८५ किंवा कॅन बसच्या (कार्डांना एकमेकांशी जोडणाऱ्या डेटा लाइनच्या) दोन वायरींमध्ये आडवा पडलेला रेझिस्टर १२० ओहमचा. यूएसबी-सी सॉकेटच्या सीसी पायांपासून ग्राउंडला गेलेले दोन रेझिस्टर ५.१ किलोओहमचे. बाहेरून येणाऱ्या कनेक्टरला लागूनच, सिग्नल आणि ग्राउंडमध्ये बसलेला कपॅसिटरसारखा दिसणारा कोरा पार्ट व्हॅरिस्टर किंवा ईएसडी (स्थिर विजेच्या झटक्यापासून) संरक्षणाचा असण्याची शक्यता मोठी.

सारखी सर्किटं शोधायलाही विसरू नका. आठ इनपुटच्या कार्डावर एकच चॅनेल जळाला असेल, तर उरलेले सात तुमची डेटाशीट आहेत. तिसऱ्या चॅनेलचा रेझिस्टर काळा पडलाय? चौथ्याचा मोजा, काम झालं.

सगळेच चॅनेल गेले असतील तर गणित करा. समजा २४ व्होल्टचा सेन्सर इनपुट ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणाऱ्या पार्टच्या) एलईडीला जातो. एलईडीवर १.२ व्होल्ट पडतात, उरतात २२.८. अशा इनपुटला साधारण ५ मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे रेझिस्टर ४.५६ किलोओहम निघतो आणि बाजारातली जवळची व्हॅल्यू ४.७. आता पॉवर बघा: २२.८ चा वर्ग भागिले ४७०० म्हणजे ०.११ वॉट. ०६०३ रेझिस्टर साधारणपणे ०.१ वॉटचा असतो, ०८०५ पाव वॉटच्या निम्मा, १२०६ पाव वॉटचा. म्हणजे मूळ जागी ०८०५ असेल तर तो काठावर चालत होता आणि त्यामुळेच जळाला असू शकतो. पॅडवर मावला तर १२०६ लावा.

पायरी ३: रूप बघा

व्हर्निअरने लांबी-रुंदी मोजा. ०४०२ म्हणजे १.० बाय ०.५ मिलिमीटर, ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, ०८०५ म्हणजे २.० बाय १.२५, १२०६ म्हणजे ३.२ बाय १.६. हे इंची कोड आहेत. मिलिमीटरच्या पद्धतीत ०६०३ हे नाव ०.६ बाय ०.३ मिलिमीटरच्या पार्टला देतात. ऑर्डर देताना याच गोंधळात डोळ्यांना न दिसणारे पार्ट घरी येतात, म्हणून नेहमी मिलिमीटरमधलं माप लिहून द्या.

जाडी फार बोलकी असते. ०६०३ रेझिस्टर अर्धा मिलिमीटरही जाड नसतो, त्याच आकाराचा कपॅसिटर ०.८ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे रुंदीइतकाच जाड असतो. रेझिस्टर बाजूने बघितला तर खाली पांढरं सिरॅमिक आणि वर काळा, निळा किंवा हिरवा थर असे दोन रंग दिसतात. कपॅसिटर चारही बाजूंनी एकाच रंगाचा, फिकट तपकिरी किंवा राखाडी. बीड आणि थरांची कॉइल गडद राखाडी ते काळी, तीही सगळीकडून सारखी. एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा) थर्मिस्टरही तसाच गडद असतो, म्हणून हे एकमेकांपासून वेगळे करायला मीटरच लागतो. काचेची किंवा प्लास्टिकची नळकांडी, एका टोकाला पट्टा, म्हणजे डायोड. पट्ट्याकडचं टोक कॅथोड. पिवळ्या किंवा काळ्या ठोकळ्यासारख्या टँटलमवर पट्टा प्लसकडे असतो, पत्र्याच्या गोल इलेक्ट्रोलिटिकवर काळा भाग मायनसकडे. या दोघांत उलटसुलट केलं तर टँटलम पेट घेतो, तेव्हा दोनदा तपासा.

कपॅसिटरच्या रंगावरून व्हॅल्यू सांगणारे कोष्टक कुणी दिलं तर ते बाजूला ठेवा. पांढुरका-राखाडी म्हणजे बहुधा स्थिर जातीचा लहान व्हॅल्यूचा आणि तपकिरी म्हणजे बहुधा एक्स७आर किंवा एक्स५आर (जास्त व्हॅल्यूच्या, पण तापमानाने थोड्या सरकणाऱ्या जाती), याच्यापलीकडे रंग काही सांगत नाही.

पायरी ४: बोर्डवरच मीटर लावा

प्रोब एकमेकांना टेकवून आधी त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स बघा, ०.२ ते ०.५ ओहम असतो, आणि तो वजा करत चला.

रेझिस्टरसाठी एक भरवशाचा नियम आहे. बोर्डवर त्याला समांतर इतर वाटा असतात, त्यामुळे मीटर खऱ्या व्हॅल्यूइतका किंवा त्याहून कमीच दाखवतो. जवळचे कपॅसिटर चार्ज होऊन आकडा स्थिरावल्यावरही छापलेल्या किंवा अपेक्षित व्हॅल्यूपेक्षा जास्त दिसत असेल, तर रेझिस्टर खराब आहे, काढून बघायचीही गरज नाही. प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे आले तर वाटेत कुठेतरी डायोड किंवा आयसी आहे, आणि मोठा आकडा सत्याच्या जवळचा.

ठाणे खाडीच्या काठाला आणि केमिकल कारखान्यांच्या शेजारी हा नियम विशेष उपयोगी पडतो. नाल्यांतून आणि काही प्रक्रियांतून निघणारे गंधकाचे वायू रेझिस्टरच्या टोकाखालच्या चांदीच्या थराला खातात, तिथे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि रेझिस्टर हळूहळू ओपन होतो. बाहेरून काहीच दिसत नाही, जळाल्याची खूण नाही. भिंगाखाली काळ्या थराच्या आणि टिनच्या सांध्यावर बारीक काळे तंतू दिसले तर निदान पक्कं. अशा जागी सल्फरविरोधी जातीचे रेझिस्टर लावा, नाहीतर तोच बिघाड परत येईल.

कपॅसिटरचं उलट असतं. समांतर कपॅसिटरांची बेरीज होते, त्यामुळे सप्लाय लाइनवरच्या एका कपॅसिटरला मीटर लावला तर त्या लाइनवरच्या सगळ्यांची बेरीज दिसते. तिथला आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही.

थर्मिस्टरची शंका असेल तर त्यावर बोट ठेवा. १० किलोओहमचा एनटीसी शरीराच्या उबेने काही सेकंदांत ७ किलोओहमच्या आसपास येतो. साधा रेझिस्टर हलतही नाही.

एक ओहमच्या खालचा शंट (करंट मोजण्यासाठी बसवलेला रेझिस्टर) मल्टिमीटरने मोजू नका. बेंच सप्लायवर लिमिट १ ॲम्पिअर लावा, पार्टमधून करंट सोडा आणि थेट त्याच्या टोकांवर मिलिव्होल्ट वाचा. १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिओहम.

तीन पायांचे पार्ट

मीटर डायोड मोडवर ठेवा आणि तीन पायांच्या सहाही जोड्या लिहून काढा. एकटा पाय वर धरला तर खाली डावीकडे १, उजवीकडे २, वरचा ३. एका पायापासून बाकी दोघांकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले आणि इतर सगळं ओपन असेल तर तो ट्रान्झिस्टर, आणि तो पाय बेस. लाल प्रोब बेसवर असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी. बेस-एमिटरचा आकडा बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त असतो, त्यावरून उरलेले दोन पाय ठरतात. एक पाय दोघांपासूनही ओपन आणि उरलेल्या दोघांमध्ये एकाच दिशेने ०.५ च्या आसपास दिसलं तर मॉस्फेट. ०.१५ ते ०.३५ म्हणजे शॉटकी डायोड. आपला मीटर बोर्डवर मोजतोय हे लक्षात असू द्या: समांतर रेझिस्टरमुळे आकडे हलतात, शंका आली तर पार्ट काढून मोजा.

तीन पाय म्हणजे ट्रान्झिस्टरच असं धरू नका. ४३१ जातीचा व्होल्टेज रेफरन्स, रिसेट आयसी, हॉल सेन्सर हेही त्याच कवचात येतात. ४३१ मध्ये तर कंपनीनुसार दोन पायांची अदलाबदल असते. थोडी तरी खूण शिल्लक असेल तर ती वाचा: १एएम म्हणजे बहुधा एमएमबीटी३९०४, जे३वाय म्हणजे एस८०५०, ७०२ म्हणजे २एन७००२. एकच कोड दोन कंपन्या दोन वेगळ्या पार्टना देतात, म्हणून कोड आणि मीटर दोन्ही जुळल्याशिवाय मानू नका.

झेनर मीटरवर साध्या डायोडसारखाच दिसतो. तो काढा, ३० व्होल्टच्या सप्लायला ४.७ किलोओहममधून उलटा जोडा आणि त्याच्यावरचा व्होल्टेज वाचा. १२ व्होल्टच्या झेनरमधून जेमतेम ४ मिलिॲम्पिअर जातात, त्याला काही होत नाही. पाच व्होल्टच्या खालचे झेनर कमी करंटवर कमी आकडा दाखवतात, ते ध्यानात घेऊन जवळची व्हॅल्यू निवडा.

पायरी ५: कपॅसिटर काढून मोजा

भरपूर फ्लक्स, आजूबाजूला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), गन ३५० अंशांवर, हवा कमी. मोठा ग्राउंड असेल तर बोर्ड आधी १०० अंशांपर्यंत गरम करा. थंड बोर्डावर एकाच ठिकाणी उष्णता मारली की सिरॅमिक तडकतं. चिमट्याने ओढू नका, सोल्डर वितळल्यावर पार्ट स्वतः सुटतो. ओढलं तर टोकावरचं धातूचं आवरण निघून पॅडवर राहतं आणि मग मोजायला काही उरत नाही.

काढल्या काढल्या मोजू नका. एक्स७आर, एक्स५आर जातीचे कपॅसिटर वर्षानुवर्षं हळूहळू उतरतात आणि गरम केल्यावर पुन्हा वर चढतात, त्यामुळे ताजा काढलेला पार्ट काही टक्के जास्त दाखवतो. चोवीस तास ठेवून मोजलं तर उत्तम. १० मायक्रोफॅरडपर्यंत १ किलोहर्ट्झवर, त्याहून मोठा १२० हर्ट्झवर, पिकोफॅरडमधला १०० किलोहर्ट्झवर. बारीक प्रोबमधून फार थोडा व्होल्टेज देणारे चिमटा-मीटर मोठ्या सिरॅमिकला कमी लेखतात. २२ मायक्रोफॅरडचा पार्ट १७-१८ दाखवू शकतो. ०.२२, ०.४७, १, २.२, ४.७, १०, २२ अशा ठरलेल्या पायऱ्या असतात, त्यातली जवळची घ्या.

जात ओळखायची असेल तर मीटर लावलेला ठेवून पार्टवर गनची कोमट हवा सोडा, ६०-७० अंशांची. सीओजी (स्थिर) जातीचा आकडा हलत नाही, एक्स७आर थोडा सरकतो, वाय५व्ही धडाधड उतरतो. ऑसिलेटर, फिल्टर किंवा टायमिंगच्या जागी सीओजीच हवा.

व्होल्टेज रेटिंग मात्र कुठल्याच मीटरवर दिसत नाही. ते जागेवरून ठरवा: ५ व्होल्टच्या लाइनला १० किंवा १६, १२ ला २५, २४ ला ५०. इथे कंजुषी करू नका. ६.३ व्होल्टचा १० मायक्रोफॅरड, ०६०३ आकाराचा कपॅसिटर ५ व्होल्टवर निम्म्याहून खाली जाऊ शकतो आणि मग रेग्युलेटर डोलायला लागतो.

कॉइल, बीड, फ्यूज

कॉइल १०० किलोहर्ट्झवर मोजा. बीडची व्हॅल्यू १०० मेगाहर्ट्झवरच्या ओहममध्ये सांगतात, ती आपल्या मीटरवर मिळणार नाही. आकार आणि लाइनचा करंट बघून निवडा. सप्लायच्या तोंडाशी बसलेला ओपन पार्ट फ्यूज असेल तर जागी तार टाकू नका, पुढचा शॉर्ट आधी शोधा.

नाव घासलेला आयसी

ग्राउंड आणि सप्लायचे पाय शोधा, बरंचसं कोडं सुटतं. आठ पायांत ४ ग्राउंड, ८ सप्लाय आणि ५-६ वर पुल-अप असतील तर आय-स्क्वेअर-सी मेमरी. ४ आणि ८ तसेच, पण १-२ मध्ये आणि ६-७ मध्ये रेझिस्टर असतील तर जोड ऑपॲम्प (एकाच कवचात सिग्नल वाढवणारे दोन ॲम्प्लिफायर). ५ ग्राउंड, ८ सप्लाय आणि ६-७ कनेक्टरकडे जाणारे असतील तर आरएस-४८५. २ ग्राउंड, ३ सप्लाय आणि ६-७ कनेक्टरकडे असतील तर कॅन ट्रान्सीव्हर. पाच पायांच्या बारीक आयसीत १ आणि ३ इनपुटला, २ ग्राउंडला, ५ वर कपॅसिटर असेल तर तो एलडीओ (व्होल्टेज थोडा उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). सहा पाय आणि शेजारी कॉइल असेल तर बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा). त्याच्या फीडबॅकचे दोन रेझिस्टर मोजा: वर १०० किलोओहम, खाली २२ असेल आणि रेफरन्स (आयसीच्या आतला ठरलेला व्होल्टेज) ०.६ व्होल्ट धरला, तर आउटपुट ३.३ व्होल्ट येतो. हिशेबातून ओळखीचा आकडा आला की आयसीची जात निश्चित झाली.

घासलेला मोठा आयसी मायक्रोकंट्रोलर असेल तर त्याच्यामागे दिवस घालवू नका. नंबर कळला तरी आतला प्रोग्रॅम नव्या चिपमध्ये नसतो.

नवा पार्ट बसवताना

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या पट्ट्या मिळतात. कोऱ्या कपॅसिटरची प्रत्येक पट्टी दुकानातच वेगळ्या पाकिटात घालून त्यावर व्हॅल्यू, व्होल्टेज आणि जात लिहून घ्या. दोन पट्ट्या एकत्र सांडल्या की हा सगळा लेख पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. वारंवार दुरुस्ती असेल तर ०६०३ आणि ०८०५ ची सॅम्पल बुकं (सगळ्या व्हॅल्यूंच्या पट्ट्या लावलेल्या वह्या) ठेवा.

पार्ट बसला की फ्लक्स पुसा, सप्लाय लाइन आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स बघा, आणि बेंच सप्लायवर करंट लिमिट १०० मिलिॲम्पिअरपासून सुरू करा. व्होल्टेज चढत नसेल आणि लिमिट लागत असेल तर थांबा, बदललेल्या पार्टवर आणि शेजाऱ्यांवर आयपीएचा थेंब टाका: जिथून तो आधी उडतो तिथे शॉर्ट आहे. हे करताना व्होल्टेज एक-दोनच व्होल्ट ठेवा आणि जवळ सोल्डरिंग आयर्न किंवा ठिणगी नको, आयपीए पेट घेतो. कार्ड चाललं की सापडलेली प्रत्येक व्हॅल्यू सुरुवातीला काढलेल्या फोटोवर लिहा आणि कार्डाच्या नंबरासह जपून ठेवा. त्याच मशीनचं दुसरं कार्ड टेबलावर येईल तेव्हा मोजणी तिथूनच सुरू करता येईल.